कॅमेरा घेऊन मोरोक्कोंत

एके काळीं प्रवासाला निघालेल्या मनुष्याच्या पडशींत तांब्या, धोतरजोडी आणि एखादी पोथी असे. आज यांपैकीं कांहीं नसलें तरी चालतें; पण चित्र टिपणारें यंत्र बरोबर नाहीं असा प्रवासी सांपडणें कठीण. मोबाईल फोनलाहि डोळा फुटल्यापासून घराबाहेर पडणारा प्रत्येक जण छायाचित्रकार झाला आहे, आणि नव्या गांवांत उतरतांच त्याचा पहिला प्रश्न असतो, "फोटो काढण्याजोगी जागा येथें कोणती?"

हा प्रश्न ज्या देशांत पावलोपावलीं ऐकूं येतो अशांपैकीं एक म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या वायव्य कोपर्‍यांतील मोरोक्को. एका अंगास अटलांटिक महासागर, दुसर्‍या अंगास भूमध्य समुद्र, मधून गेलेल्या अ‍ॅटलास पर्वताच्या रांगा आणि पलीकडे सहारा वाळवंट, अशी या देशाची रचना आहे. अ‍ॅटलासचें तूबकाल हें शिखर ४,१६७ मीटर उंच असून सार्‍या उत्तर आफ्रिकेंत त्याहून उंच शिखर नाहीं. समुद्र, बर्फ आणि वाळू हीं तिन्ही एकाच प्रवासांत डोळ्यांस पडतील असे देश जगांत थोडे. या देशांतून उत्तरेकडून दक्षिणेकडे आज एक फेरी मारावयाची आहे. आणि ती मारतांना मनांत एवढेंच ठेवावयाचें आहे कीं, फोटोजोगी जागा म्हणजे काय, आणि ती जागा असते तरी कोणाची?

कॅमेरा जन्मास येण्यापूर्वींहि चित्राजोगें दृश्य शोधणारे लोक येथें येत असत. १८३२ सालीं फ्रान्सच्या राजानें मोरोक्कोच्या सुलतानाकडे एक शिष्टमंडळ पाठविलें. त्याच्याबरोबर देलाक्र्वा नांवाचा फ्रेंच चित्रकार होता. तांजेर बंदरांत पाऊल ठेवल्यापासून त्यानें वह्यांमागून वह्या रेखाटनांनीं भरून काढल्या. झगे, घोडे, पांढर्‍या भिंती, उन्हाचा लखलखाट, सर्व कांहीं त्यानें टिपलें. परंतु घराचा उंबरठा मात्र परक्याला बंद होता. तो उघडला शिष्टमंडळाच्या ज्यू दुभाष्यानें. त्याच्या ओळखीमुळें देलाक्र्वास तांजेर येथील एका ज्यू कुटुंबाचें लग्न पाहावयास मिळालें, आणि त्या आठवणीवरून त्यानें पुढें रंगविलेलें तैलचित्र १८४१ सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत मांडलें गेलें. आज तें लूव्ह्र संग्रहालयांत आहे. या प्रवासांत त्याच्या हातीं आलेल्या उत्तम विषयांपैकीं एक त्याला रस्त्यावर सांपडला नाहीं. कोणीतरी हात धरून आंत नेलें तेव्हां सांपडला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

पुढें सत्तर वर्षांनीं कॅमेरा आला तो थेट राजवाड्यांत. ल्यूमिएर बंधूंचे चलच्चित्रपट देशोदेशीं दाखवीत हिंडलेला गाब्रिएल व्हेर नांवाचा फ्रेंच गृहस्थ १९०१ सालीं तरुण सुलतान मौलाय अब्दुल अझीझ याला फोटोग्राफी शिकविण्यासाठीं येऊन दाखल झाला. सुलतानास या विद्येचा भारी नाद लागला. पण परदेशी यंत्रांचा त्याचा हा षोक प्रजेच्या डोळ्यांत खुपूं लागला, आणि १९०८ सालीं त्याचें सिंहासन गेलें त्याच्या अनेक कारणांत लोकांची ही नाराजीहि होती. त्यानंतर १९१२ पासून १९५६ पर्यंत देशावर फ्रान्सचा व उत्तरेकडील पट्ट्यावर स्पेनचा अंमल राहिला. त्या काळांत मोरोक्कोचीं असंख्य चित्रें पोस्टकार्डांवर छापलीं जाऊन युरोपांत गेलीं. तीं काढणारे बहुधा परके, आणि त्यांत दिसणारे लोक मात्र तेथले; त्यांची परवानगी कोणी विचारली असेल असें त्यांच्या चेहर्‍यांवरून पुष्कळदां वाटत नाहीं. आज तेथील एखादी वृद्ध बाई कॅमेरा पाहून तोंडावर पदर ओढते किंवा दुकानदार हात आडवा धरतो, तेव्हां प्रवाशाला त्यांचें वागणें तुसडेपणाचें वाटतें. परंतु त्यामागें धर्मभावनेइतकाच हा इतिहासहि उभा असतो.

आतां प्रकाशाविषयीं थोडेसें. कारण चित्र जागेचें नसतें, त्या जागेवर पडलेल्या प्रकाशाचें असतें. येथें शाळेंतला भूगोल कामास येतो. मुंबई सुमारें १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर मोरोक्कोचें मराकेश शहर साडे-एकतीस अंशांवर. त्यामुळें डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य मुंबईस क्षितिजापासून सुमारें ४७ अंश वर चढतो, तर मराकेशला जेमतेम ३५ अंश. हिवाळ्यांत तेथें भर दुपारींहि सांवल्या लांब पडतात, भिंतींवरचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो, आणि अरुंद गल्लींत ऊन येतें तें पाहुण्यासारखें, घटकाभर बसून निघून जाण्यासाठीं. उलट जूनमध्यें तोच सूर्य ८२ अंशांपर्यंत चढतो. प्रकाश डोक्यावरून सरळ खालीं पडतो, सांवल्या पायांखालीं दडतात, आणि लाल मातीचें शहर चुन्याच्या ढिगार्‍यासारखें फिकें दिसूं लागतें. उन्हाळ्यांत जाणार्‍यानें सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्तापूर्वींचे दोन तास एवढीच आपली पेढी उघडी आहे असें समजावें. मधला वेळ जेवण, झोंप व गप्पा यांत घालवावा. त्या गप्पा फुकट जात नाहींत, हें पुढें दिसून येईल.

उत्तरेस रीफ पर्वताच्या कुशींत शेफशावेन हें गांव आहे. १४७१ सालीं पोर्तुगीजांना तोंड देण्यासाठीं तें वसविण्यांत आलें, आणि पुढें स्पेनमधून परागंदा झालेले मुसलमान व ज्यू येथें येऊन राहिले. १९२० सालीं स्पॅनिश फौजा शिरेपर्यंत परक्यांना तें जवळजवळ बंदच होतें. १८८३ सालीं शार्ल द फूको हा फ्रेंच प्रवासी ज्यूचा वेष घेऊन तेथें कसाबसा डोकावून आला होता. आज जगांतील अतिशय परिचित अशा छायाचित्रांत या गांवाचीं निळीं घरें मोडतात. भिंती निळ्या, पायर्‍या निळ्या, दारें निळीं. जणूं आकाश वितळून गल्लींतून वाहत आलें आहे. हा निळेपणा कशासाठीं? कोणी म्हणतात ही ज्यूंची चाल, कोणी म्हणतात डांस येत नाहींत, कोणी म्हणतात उन्हाळ्यांत थंड वाटतें. कारण कांहींहि असो, हा रंग आपोआप टिकत नाहीं. पावसानें तो ओघळतो, उन्हानें उडतो, आणि घरोघरचीं माणसें ब्रश घेऊन तो पुन्हां पुन्हां चढवितात. आपल्याकडे चुन्याच्या पांढर्‍या हातांत चिमूटभर नीळ टाकून भिंतींना सफेदी देण्याची चाल ज्यांच्या स्मरणांत आहे, त्यांना या कामाची मेहनत सांगावयास नको.

छायाचित्रकाराच्या दृष्टीनें येथली खूण एवढीच कीं, निळा रंग थेट उन्हांत फिका पडतो आणि सांवलींत गडद होतो. म्हणून सकाळीं, गल्लींत ऊन उतरण्यापूर्वीं, निघावें. त्या वेळीं प्रवाशांची झुंबड उठलेली नसते, पाववाला फळी डोक्यावर घेऊन जात असतो आणि मांजरें पायर्‍यांवर अंग ताणीत असतात. मात्र एक भान असावें. ज्या दाराचा फोटो आपण काढीत आहों त्या दारामागें कोणीतरी राहतें. दिवसभर आपल्या उंबर्‍यावर अनोळखी माणसें पाय दुमडून बसलेलीं पाहणें कोणास आवडेल? कांहीं घरवाल्यांनीं यावर तोडगा काढला आहे. जिना किंवा अंगण कुंड्यांनीं व विणलेल्या चादरींनीं सजवून ते फोटोसाठीं थोडेसे पैसे घेतात. कांहीं प्रवाशांना हा धंदेवाईकपणा वाटतो. परंतु रंग त्यांचा, कुंड्या त्यांच्या, झाडलोट त्यांची. मग चार नाणीं त्यांच्या हातीं पडलीं तर त्यांत वावगें तें काय?

शेफशावेनहून दक्षिणेस उतरल्यावर फेझ लागतें. याचा पाया आठव्या शतकाच्या अखेरीस घातला गेला. येथील कारावीयीन ही मशीद व विद्यापीठ ८५९ सालीं फातिमा अल-फिहरी नांवाच्या स्त्रीनें स्थापिलें अशी परंपरा आहे. जुन्या शहराला १९८१ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. या जुन्या भागांत मोटारी शिरूं शकत नाहींत. सिमेंटच्या गोणीपासून थंड पेयांच्या बाटल्यांपर्यंत सारें कांहीं खेंचरांच्या व गाढवांच्या पाठीवरून जातें. "बालाक! बालाक!" अशी आरोळी कानीं पडतांच फोटो सोडून भिंतीस चिकटावें, खेंचराला चौकटीची पर्वा नसते.

फेझमधील सर्वांत प्रसिद्ध दृश्य म्हणजे शुवारा येथील कातडीं कमावण्याचे हौद. मधाच्या पोळ्यासारखे शेंकडों दगडी हौद, कांहीं पांढरे, कांहीं तांबडे, कांहीं पिवळे, आणि त्यांत मांड्यांपर्यंत उतरलेले कामगार. सभोंवतालच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्च्यांवरून प्रवासी हें दृश्य पाहतात. गच्चीवर जातांना दुकानदार पुदिन्याची काडी हातीं देतो. ती नाकाशीं धरावयाची. खालीं चुनकळी आणि कबुतरांची विष्ठा कालविलेल्या पाण्यांत गाईबकर्‍यांचीं, मेंढ्यांचीं व उंटांचीं कातडीं भिजत असतात; चुन्यानें केंस सुटतात, विष्ठेंतील क्षारांनीं कातडें मऊ होतें. शतकानुशतकें चाललेली ही रीत आहे. वरून पाहतां तें रंगाच्या पेटीसारखें दिसतें. दुरून डोंगर साजरे म्हणतात तें येथें नाकाला समजतें. पण छायाचित्राला वास नसतो, आणि तेथेंच त्याची लबाडी आहे. तें चित्र पाहणार्‍याला रंग पोंचतात. ज्याचे पाय वर्षानुवर्षें त्या पाण्यांत आहेत त्याचे कष्ट पोंचत नाहींत.

मग काय, तें चित्र काढूंच नये? असें नव्हे. परंतु गच्चीवरच्या एका चित्रावर समाधान न मानतां परवानगी घेऊन खालीं उतरावें, दुभाष्याच्या मदतीनें दोन शब्द बोलावे, आणि मग एखाद्या कामगाराच्या हातांचें चित्र मागावें. मिळालें तर तें गच्चीवरच्या शंभर चित्रांहून अधिक सांगेल. न मिळालें तर नमस्कार करून परत यावें. त्याचा नकार हाहि त्याच्या मालकीचाच असतो.

फेझहून नैर्ऋत्येस, अ‍ॅटलासच्या पायथ्याशीं, मराकेश आहे. अकराव्या शतकांत वसलेलें हें शहर तांबूस मातीच्या तटानें वेढलेलें आहे, आणि त्याच्या मध्यभागीं कुतुबिया मशिदीचा ७७ मीटर उंचीचा मनोरा बाराव्या शतकापासून उभा आहे. त्याच्या मागें हिवाळ्यांत अ‍ॅटलासची बर्फाची रांग दिसते. या दृश्याची एक कथा आहे. १९४३ च्या जानेवारींत कासाब्लांका येथें दोस्त राष्ट्रांच्या पुढार्‍यांची परिषद झाली. ती आटोपल्यावर ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनीं अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना आग्रहानें मराकेशला नेलें. कशासाठीं, तर अ‍ॅटलासवरचा सूर्यास्त दाखविण्यासाठीं. पोलिओमुळें रूझवेल्ट यांना चालतां येत नसे. त्यांना उचलून बंगल्याच्या मनोर्‍यावर नेण्यांत आलें. दुसरे दिवशीं पाहुणे गेल्यावर चर्चिल यांनीं कुतुबियाचें तैलचित्र रंगविलें आणि तें रूझवेल्ट यांना भेट दिलें. युद्धाच्या सर्व वर्षांत त्यांनीं काढलेलें हें एकच चित्र. २०२१ सालीं लिलांवांत त्याला ८० लाख पौंडांहून अधिक किंमत आली. तोच सूर्यास्त आज शहरांतील कोणत्याहि गच्चीवर पुदिन्याच्या चहाच्या एका पेल्याच्या मोलांत पाहावयास मिळतो.

कुतुबियापासून हांकेच्या अंतरावर जमा एल फना हा विस्तीर्ण चौक आहे. सायंकाळीं येथें खाद्यपदार्थांच्या दुकानांचा धूर उठतो, गवई, डोंबारी व कथेकरी यांच्याभोंवतीं माणसांचीं कडीं पडतात. एके काळीं येथें मोटारतळ बांधण्याचे बेत चालले होते; त्या वेळीं चौकाजवळ राहणारे स्पॅनिश लेखक ह्वान गोयतिसोलो यांनीं त्याविरुद्ध आवाज उठविला, आणि २००१ सालीं युनेस्कोनें या चौकांतील मौखिक परंपरेला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. तांबडा झगा, रुंद झुपकेदार टोपी व पितळी पेले अंगावर वागविणारे पाणके येथें दिसतात. नळ आल्यामुळें त्यांच्या पाण्याला आतां गिर्‍हाईक उरलें नाहीं. त्यांचें पोट चालतें तें फोटोवर. म्हणून त्यांचा फोटो काढून पैसे न देतां पळणें म्हणजे भजेवाल्याचीं भजीं उचलून पळण्यासारखेंच आहे. पैसे आधीं ठरवावे, हंसत द्यावे, आणि मग निवांतपणें चित्र घ्यावें.

याच ठिकाणीं कांहीं नियमहि सांगून टाकणें बरें. मोरोक्कोंतील बहुतेक मशिदींत बिगरमुस्लिमांना प्रवेश नाहीं. दारांतून डोकावून फोटो काढणेंहि शोभत नाहीं. कासाब्लांका येथील, १९९३ सालीं पुरी झालेली हसन दुसरे यांच्या नांवाची प्रचंड मशीद हा याला मोठा अपवाद. तेथें ठराविक वेळीं आंत नेऊन दाखवितात. सैनिक, पोलीस व त्यांचीं ठाणीं यांच्याकडे कॅमेरा वळवूं नये. आकाशांतून चित्र घेणारें ड्रोन यंत्र परवान्यावांचून देशांत आणूं देत नाहींत; तें विमानतळावरच काढून घेतलें जातें.

मराकेशहून पश्चिमेस समुद्रकांठीं एस्सविरा हें बंदर आहे. अठराव्या शतकांत सुलतान मुहंमद बिन अब्दुल्ला यानें तें आंखीव रेषांनीं वसविलें. निळ्या होड्या, तटावरच्या तोफा, लाटांचे तुषार आणि अखंड वारा यांमुळें येथें चित्रांना तोटा नाहीं. १९४९ सालीं ऑर्सन वेल्स हा अमेरिकन नटदिग्दर्शक शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चा चित्रपट घेण्यासाठीं येथें आला, आणि पाहतो तों पात्रांचे पोषाख तयार नाहींत! त्यानें डोकें लढविलें. खुनाचा प्रसंग तुर्की हमामांत घडतो असें दाखविलें, मासळीबाजाराला हमामाचें रूप दिलें आणि नटांना पंचे गुंडाळून उभें केलें. हा चित्रपट १९५२ सालीं कान येथील महोत्सवांत मोरोक्कोच्या नांवानें दाखल झाला व सर्वोच्च पारितोषिकाचा वांटेकरी ठरला. मासळीबाजाराला 'फोटोजोगी जागा' असें कोणी म्हटलें असतें काय? जागा शोधण्यापेक्षां पाहण्याची तयारी असावी लागते, याचा याहून चांगला दाखला कोठें मिळावा?

मराकेशला परतून आग्नेयेस वळलें म्हणजे अ‍ॅटलासचा चढ सुरू होतो. सुमारें २,२६० मीटर उंचीची तिझी न तिश्का ही खिंड ओलांडतांना डोंगराच्या अंगाला चिकटलेलीं मातीदगडांचीं गांवें दिसतात. डोंगर आणि घर यांचा रंग एकच; धुराची रेघ दिसली नाहीं तर गांव असल्याचें उमगतहि नाहीं. हीं गांवें पाहून प्रत्येक प्रवासी गाडी थांबवितो. परंतु २०२३ च्या ८ सप्टेंबरला रात्रीं अकरा वाजून गेल्यावर याच पर्वतांत, मराकेशच्या नैर्ऋत्येस, ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. झोंपलेल्या माणसांवर मातीचीं छपरें कोसळलीं. २,९०० हून अधिक लोक मरण पावले. तिनमेल येथील बाराव्या शतकांतील मशिदीचीहि मोठी पडझड झाली. ज्या भिंतींचें साधेपण प्रवाशांना मोहक वाटे, त्याच भिंती गरिबाच्या काळ झाल्या. त्यानंतर त्या मार्गानें जाणार्‍या छायाचित्रकाराच्या हातीं एक जबाबदारी आली. पडक्या घरापुढें हंसर्‍या मुद्रेनें उभें राहून काढलेलें चित्र आणि त्या घराच्या धन्याला विचारून, त्याची हकीकत ऐकून काढलेलें चित्र, या दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

खिंड उतरून पलीकडे गेल्यावर उनीला नदीच्या कांठीं आइत बेनहद्दू लागतें. सहारांतून मराकेशकडे येणार्‍या उंटांच्या तांड्यांच्या वाटेवरचें हें तटबंदीचें गांव. एका टेकडीच्या उतारावर मातीचे बुरूज, त्यांवर विटांची नक्षी, त्यावर आणखी बुरूज. मराठवाड्यांतलीं वा खानदेशांतलीं पांढर्‍या मातीचीं धाब्याचीं घरें आणि गढ्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना येथें क्षणभर ओळखीचें वाटेल. १९८७ सालीं हें गांव जागतिक वारशाच्या यादींत आलें. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'पासून पुढें कितीतरी चित्रपट येथें घेतले गेले. सकाळसंध्याकाळच्या तिरप्या किरणांत त्या भिंती तापल्या तांब्यासारख्या दिसतात, आणि नदीच्या अलीकडल्या कांठावरून सबंध गांव एका चौकटींत बसतें.

पण बारकाईनें पाहिलें तर एक गोष्ट मनाला लागते. गांव भरलें आहे तें दुकानांनीं व पाहुण्यांनीं. तेथें चूल पेटविणारीं कुटुंबें आतां मोजकीं उरलीं आहेत. बाकीचीं नदीपलीकडच्या नव्या वस्तींत राहावयास गेलीं. त्यांना दोष कोण देईल? वीज, पाणी व रस्ता सर्वांनाच हवा असतो. पण मातीच्या घराचा एक धर्म आहे. पावसाळ्यानंतर माती व भुसा कालवून त्याला पुन्हां लिंपावें लागतें, छपर ठोकून घट्ट करावें लागतें. आपल्याकडे सारवण थांबलें कीं ओसरी उकलूं लागते, तसेंच तेथें आहे. घरांत माणूस असेल तोंवर भिंत उभी. माणूस गेला कीं दहापांच पावसाळ्यांत ती पुन्हां टेकडींत मिसळते. म्हणजे प्रवासी ज्याला 'दृश्य' म्हणतो तें कोणाच्या तरी हाताचें, वर्षानुवर्षें चालू असलेलें काम असतें. शेफशावेनचा निळा रंग, फेझचे हौद, मराकेशचा चौक, या सर्वांची कथा हीच. आणि गंमत अशी कीं, प्रवासी जेव्हां कॅमेरा डोळ्याला लावतो तेव्हां "जरा बाजूला व्हा" असें म्हणतो तें नेमकें याच माणसाला!

आणखी पूर्वेकडे गेल्यास मेरझूगा गांवाजवळ एर्ग शेब्बी या नांवाच्या वाळूच्या टेकड्या आहेत. कांहींची उंची सुमारें दीडशें मीटर भरते. पहांटे व सायंकाळीं टेकडीची एक बाजू उजळते व दुसरी काळोखांत राहते, आणि दोहोंमधली धार तलवारीसारखी दिसते. दुपारीं मात्र सारें सपाट होतें. येथें माणूस नसलेलें चित्र सहज मिळेल असें वाटतें. पण टेकडीची उंची कळावी म्हणून छायाचित्रकार अखेर काय करतो? उंटवाल्याला माथ्यावरून चालत जावयास सांगतो. त्या लहानशा काळ्या आकृतीवांचून टेकडीला माप लागत नाहीं.

या फेरीचा शेवट एका तरुण छायाचित्रकार बाईंच्या स्मरणानें करणें उचित होईल. लैला अलावी यांचा जन्म १९८२ सालीं पॅरिसमध्यें झाला व बालपण मराकेशमध्यें गेलें. २०१० च्या सुमारास त्या मोरोक्कोच्या खेड्यापाड्यांतून हिंडूं लागल्या. बरोबर दिवे, कॅमेरा आणि एक काळा पडदा. आठवड्याच्या बाजारांत किंवा अशाच एखाद्या सार्वजनिक जागीं त्या हा फिरता स्टुडिओ उभारीत आणि येणार्‍याजाणार्‍यांना बोलावीत. ज्याला यावयाचें तो येई, काळ्या पडद्यापुढें उभा राही, आणि सरळ कॅमेर्‍याच्या डोळ्यांत डोळा घालून पाही. डोंगर नाहींत, निळ्या भिंती नाहींत, वाळू नाहीं. जी जागा शोधण्यासाठीं सारें जग मोरोक्कोंत येतें ती या बाईंनीं पडद्याआड टाकली. 'मोरोक्कोचे लोक' या अर्थाच्या नांवानें हीं चित्रें माणसाच्या उंचीएवढ्या आकारांत मांडलीं गेलीं, आणि तीं पाहणार्‍याला सारा देश दिसला: कोणाच्या टोपींत, कोणाच्या चांदीच्या दागिन्यांत, कोणाच्या खांद्यावरच्या पिशवींत, आणि सर्वांत अधिक त्या नजरेंत. पोस्टकार्डांवरचीं माणसें ज्या नजरेनें पाहत नसत ती ही नजर होती. २०१६ च्या जानेवारींत, स्त्रियांच्या हक्कांसंबंधींच्या एका कामगिरीवर असतां, बुर्किना फासो देशाच्या राजधानींत झालेल्या दहशतवादी हल्ल्यांत त्या जखमी झाल्या आणि तीन दिवसांनीं मरण पावल्या. वय अवघें तेहतीस.

फोटोजोगी जागा कोणती, या प्रश्नाचें उत्तर त्यांच्या चित्रांत आहे. प्रत्येक प्रवाशाला काळा पडदा घेऊन हिंडतां येणार नाहीं, आणि त्याची जरूरीहि नाहीं. निळ्या गल्लीचें चित्र अवश्य काढावें, मराकेशच्या सूर्यास्ताचेंहि काढावें. पण कॅमेरा वर उचलण्यापूर्वीं तो खालीं ठेवून एकदां "सलाम" म्हणावें. दुपारच्या फिक्या उन्हांत, जेव्हां चित्र निघत नाहीं तेव्हां, चहाच्या पेल्याशेजारीं बसून यजमानाचीं मुलें किती, पाऊस कसा झाला, भिंत कोणी लिंपली, हें विचारावें. सायंकाळीं ऊन तिरपें झाल्यावर तोच यजमान कदाचित् उठेल, "या माझ्याबरोबर" म्हणेल, आणि आपल्या घरामागची अशी एक जागा दाखवील कीं जी कोणत्याहि पुस्तकांत नाहीं. तेथलें चित्र काढून झालें कीं एक प्रत त्याला पाठविण्याचें वचन द्यावें, आणि घरीं परतल्यावर इतर सर्व कामें बाजूला ठेवून तें वचन आधीं पाळावें.